ईशापूरच्या रायफलीचा भाव

अमेरिकेतल्या जुन्या लष्करी रायफलींच्या बाजारात ली-एनफील्ड घराण्याची, म्हणजे आपण जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतो त्या रायफलीच्या कुळाची, एक अलिखित उतरंड आहे. कॅनडातल्या लाँग ब्रँच कारखान्याची रायफल मानाची, इंग्लंडमधल्या एनफील्ड आणि बीएसएच्या रायफली तिच्या बरोबरीने किंवा किंचित खाली, ऑस्ट्रेलियातल्या लिथगोच्या रायफलींना त्यांचा स्वतंत्र चाहतावर्ग, आणि सगळ्यांत शेवटी, टेबलाच्या कडेला टेकवून ठेवलेल्या, बंगालमधल्या ईशापूरच्या. ओहायोत राहायला आल्यापासून मी जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनांना हौसेने जातो आणि ईशापूरच्या रायफलीसमोर थांबलो की विक्रेता बहुतेक वेळा आपण होऊन भाव उतरवू लागतो. हा उतरलेला भाव काही अंशी रास्त आहे आणि काही अंशी निव्वळ आकसाचा आहे. घेणाऱ्याचे कौशल्य या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे ओढायची ते ठरवण्यात असते, कारण रास्त भाग किमतीतून वजा करून मागायचा असतो आणि आकसाचा भाग ही आपल्या पदरात आयती पडलेली सवलत असते.

भारतात या हौसेला जागाच नाही. थ्री-नॉट-थ्री हा तिथे निषिद्ध बोअर असल्यामुळे सामान्य परवानाधारकाला ती घेता येत नाही, आणि म्हणूनच आपल्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी जवळपास त्याच यंत्रणेवर ३१५ बोअरची रायफल काढली, जी उत्तर प्रदेश-बिहारकडच्या लग्नांच्या बातम्यांतून सगळ्यांना ठाऊक झाली आहे. अमेरिकेत मात्र पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली रायफल ‘क्युरिओ’ म्हणून गणली जाते आणि अशा वस्तू जमवणाऱ्यासाठी तीन वर्षांचा, तीस डॉलर शुल्काचा एक वेगळा संघीय परवाना मिळतो. तो माझ्याजवळ आहे. त्याबरोबर एक वहीही येते, जिच्यात प्रत्येक खरेदीची नोंद ठेवणे बंधनकारक असते.

माझी पिढी ही रायफल एनसीसीत हाताळून मोठी झाली. कवायतीसाठी आम्हांला मिळायच्या त्या ‘डीपी’ शिक्क्याच्या, म्हणजे गोळीबारातून कायमच्या बाद केलेल्या; पण ‘बाजू शस्त्र’ म्हणताना मांडीवर बसणारा तो चार किलोचा फटका खराच होता. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ च्या समोर रेल्वे पोलिसांच्या हातात होती तीही थ्री-नॉट-थ्रीच. एवढे सगळे डोक्यात घेऊन टेबलासमोर उभे राहणारा गिऱ्हाईक विक्रेत्याला फार सोपा असतो, हे मला पक्के ठाऊक असल्यामुळे मी पहिली काही मिनिटे रायफलीला हात न लावता तिच्यावरची अक्षरे वाचतो.

यंदाच्या उन्हाळ्यात मी तोलून पाहिलेली रायफल नंबर एक, मार्क तीन स्टार जातीची होती. मार्क तीन १९०७ सालचा. पहिल्या महायुद्धात उत्पादन झपाट्याने वाढवायचे म्हणून त्यातली दूर पल्ल्याचा नेम धरायची बाजूची साइट आणि मॅगझिन बंद करणारी पट्टी काढून टाकली, आणि त्या सोप्या केलेल्या नमुन्याला हा स्टार मिळाला. काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा म्हणजे बोल्ट. त्याची मूठ मिटल्यावर जिथे टेकते तिथला पोलादी भाग, ज्यात खांद्याला टेकणारा लाकडी बट बसतो, तो या रायफलीचा जन्मदाखला असतो. उजव्या बाजूला मुकुट, खाली ‘जीआरआय’ ही अक्षरे, म्हणजे सम्राट जॉर्जची मोहोर, मग कारखान्याचे नाव, आणि १९४२ हे वर्ष. १९५० च्या सुमारास या मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली आणि कारखान्याचे नाव ‘आरएफआय’ (रायफल फॅक्टरी, ईशापूर) असे आद्याक्षरांत येऊ लागले, त्यामुळे मुकुटाखाली १९५५ किंवा सिंहांखाली १९४२ दिसले तर तिथेच थांबून विचारावे लागते. असाच दगा खैबर खिंडीकडून आलेल्या बंदुकांत सर्रास सापडतो. दारा आदमखेलच्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या नकलांवर राणी व्हिक्टोरियाची अक्षरे आणि त्याखाली १९१९ साल असे विजोड जोडपे असते, कारण शिक्का कोरणाऱ्याला राणी १९०१ मध्येच वारल्याचे कोणी सांगितलेले नसते. कधी ‘एन’ हे अक्षर उलटे कोरलेले असते. या नकला वस्तू म्हणून मोठ्या रंजक असतात, पण त्यांतून गोळी झाडायचा विचारही करू नये.

अक्षरांनंतर आकडे. एनफील्डवर क्रमांक एकाच ठिकाणी नसतो. बोल्टच्या मुठीच्या मागच्या अंगाला, नळीच्या मुळाशी, बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर म्हणजे रिसीव्हरवर, मागच्या साइटच्या पानाच्या खाली, आणि पुढच्या लाकडाच्या टोकाला संगीन बसते त्या टोपणावर तो पुन्हा पुन्हा ठोकलेला असतो. या सगळ्यांत महत्त्वाचा बोल्टचा, कारण बोल्टचे कान रिसीव्हरच्या खाचेत हाताने घासून बसवलेले असतात आणि दुसऱ्या रायफलीचा बोल्ट सहजी आत सरकला तरी त्याचे दोन्ही कान सारखा भार घेतीलच असे नाही. माझ्यासमोरच्या रायफलीत बोल्टवरचा जुना क्रमांक आडव्या रेघेने खोडून त्याखाली नवा ठोकलेला होता. जर्मन माउझरच्या शौकिनाला असे काही दिसले की तो तोंड फिरवतो, आणि तीच सवय एनफील्डला लावून अमेरिकन गिऱ्हाईक इथेही भाव पाडतो. ईशापूरच्या किंवा कुठल्याही आयुधागाराच्या दुरुस्तीत मात्र खोडलेला आणि नव्याने ठोकलेला क्रमांक याचा अर्थ एवढाच असतो, की एका शस्त्रकारीगराने हा बोल्ट या रायफलीला तपासून बसवला आणि तसे लिहून ठेवले. मी याचे पैसे वजा करत नाही. नव्याने ठोकलेले आकडे चकचकीत, धारदार आणि भोवतालच्या काळवंडलेल्या पोलादाशी फटकून दिसत असतील, तर गोष्ट वेगळी. ते काम आयुधागाराने केलेले नसून अलीकडे कोणीतरी गॅरेजमध्ये केलेले असते.

बोल्ट बाहेर काढून नळीत पाहिल्याशिवाय भावाचे बोलणे सुरूच करू नये. मॅगझिन काढून, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करून, बोल्ट पुरता मागे ओढायचा, त्याचे डोके अंगठ्याने वर उचकटले की तो कण्यावरून सुटून हातात येतो. मग पांढरा कागद किंवा छोटा दिवा चेंबरपाशी धरून तोंडाकडून आत बघायचे. या नळीत पाच खाचा डावीकडे वळत जातात. काळी दिसणारी नळी लगेच नाकारू नये. तिथे बऱ्याचदा चाळीस वर्षांचे वाळलेले ग्रीस असते, आणि विक्रेत्याची परवानगी घेऊन एक तेलाची चिंदी फिरवली की खालचे पोलाद कसे आहे ते कळते. चिंदीनंतरही खाचांच्या तळाशी बारीक खड्डे दिसले, विशेषतः चेंबरच्या पुढच्या बोटभर भागात, तर तो जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्षाराचा प्रताप. त्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून मागे मिठासारखा क्षार राहतो, तो हवेतली ओल ओढून घेतो, आणि संध्याकाळी नळी पाण्याने धुवायची राहून गेली की काही दिवसांत गंज आपले काम सुरू करतो. बंगालच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात हे किती वेगाने होत असेल ते सांगायला नको.

दुसरी झीज तोंडाशी होते आणि तिला गोळ्या कारणीभूत नसतात. आमचे एनसीसीचे हवालदार ज्याला ‘फुलथ्रू’ म्हणत, त्या वजन लावलेल्या दोरीने चार बाय दोन इंचांची चिंदी नळीतून ओढताना दोरी नेहमी एकाच कडेला घासत राहिली, की वर्षानुवर्षांत तोंडाची गोलाई बिघडते. दारू नसलेले नकली काडतूस उलटे धरून त्याची गोळी नळीच्या तोंडात सोडावी. पितळी नळकांड्याच्या ओठापर्यंत ती अलगद बुडाली तर तोंड झिजलेले आहे असे समजावे. बरीचशी गोळी बाहेर राहिली तर ठीक. माझ्या रायफलीत ती बरीचशी बाहेर राहिली आणि खाचांच्या कडा उजेडात स्पष्ट होत्या. तळाशी जरा धुरकटपणा होता, खड्डे नव्हते. या एका गोष्टीवर मी खरेदीचा विचार पुढे न्यायचा की नाही ते ठरवतो, कारण नळी बदलण्याचा खर्च अशा रायफलीच्या सगळ्या किमतीहून सहज अधिक होतो.

लाकडाकडे गिऱ्हाईक सहसा रंगरूपासाठी बघतो आणि फसतो. एनफील्डचे पुढचे लाकूड मागच्या टोकाला रिसीव्हरवर टेकते आणि गोळीचा धक्का तिथल्या दोन लहान पृष्ठभागांवर येतो; ते दबले की लाकूड पुढेमागे हलू लागते आणि निशाणाचे काही खरे राहत नाही. त्याच जागी तडे जातात. ईशापूरने यावर एक साधा उपाय केला होता. लाकडातून आरपार एक आडवा स्क्रू घालून दोन्ही बाजू आवळून धरल्या, आणि जगभर जमवणारे आज त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात. काही अमेरिकन मंडळी त्याला विद्रूप ठिगळ मानून भावातून पैसे कापतात. मला तो लाकूड फाटू नये म्हणून केलेला शहाणपणा वाटतो, आणि तो मूळ कारखान्याचाच असल्यामुळे तो असणे हीच मूळ स्थिती आहे.

उलट जो तडा खरोखर पैसे कापण्याजोगा असतो तो बहुधा नंतरच्या मालकाने पाडलेला असतो. बट सैल वाटला की माणूस मागची पितळी झाकणी उघडून लांब पेचकसाने बट आवळून धरणारा आतला बोल्ट फिरवतो. पण या रायफलीत त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत अडकलेले असते, त्यामुळे पुढचे लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला की ते टोक आतून लाकूड चिरते. माझ्या रायफलीला असाच एक तडा होता, सुमारे दीड इंचाचा, मागच्या टोकापासून तिरका गेलेला. विक्रेत्याने त्यावर बोट ठेवून दाखवण्याआधी मी ठेवले. त्याने मान डोलावली. गृहस्थ प्रामाणिक होते. ‘मी घेतली तेव्हा होताच,’ एवढेच म्हणाले.

बटाची पितळी झाकणी उघडल्यावर आत मूळची तेलाची बाटली, दोरी असे काही निघाले तर चांगलेच, पण त्यासाठी फार मोजू नये, कारण या सुट्या वस्तू आजही मिळतात.

हेडस्पेसबद्दल ईशापूरची बदनामी सगळ्यांत जास्त आहे, आणि इथे आकस व वस्तुस्थिती यांची सरमिसळ झाली आहे. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला मागे कडा असते आणि बंद बोल्टचे तोंड व चेंबरची मागची कड यांच्यामध्ये त्या कडेला किती जागा मिळते ते मोजायचे असते. ब्रिटिश लष्करी मोजणीत ती जागा इंचाच्या हजाराव्या भागात ६४ पासून ७४ पर्यंत चालत असे. आजचे अमेरिकन व्यापारी गेज, म्हणजे ही जागा मोजायचे माप, ६७ वर कुरकुर करते आणि ७० वर रायफल बाद ठरवते. त्यामुळे लष्कराच्या हिशेबाने निरोगी असलेली रायफल अमेरिकन बंदूक-मिस्त्रीच्या टेबलावर ‘धोकादायक’ ठरून परत येते आणि दोष कारखान्याच्या माथी बसतो. याचा अर्थ मोजूच नये असा मुळीच नाही. बोल्ट बदललेला असेल तर मोजलेच पाहिजे, आणि ७४ च्या गेजवर बोल्ट मिटला तर तो भाव-ताव करण्याचा विषय राहत नाही, रायफल खाली ठेवायची.

पोलादाविषयीची कुजबुज मात्र मला मान्य नाही. भारतात बनलेले ते मऊ पोलाद, हे वाक्य मी प्रदर्शनांत इतक्या आत्मविश्वासाने ऐकले आहे, की बोलणाऱ्याने कधी ईशापूरची २ए१ उघडून पाहिली आहे का, असे विचारावेसे वाटते. १९६२ च्या चीनयुद्धानंतर शस्त्रांची जी निकड निर्माण झाली, तिच्यात ईशापूरने याच जुन्या आराखड्यावर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी नवी रायफल घडवली. ते काडतूस अधिक दाबाचे, म्हणून रिसीव्हरसाठी पोलाद सुधारून घेतले, आणि मॅगझिन बारा गोळ्यांचे, चौकोनी केले. जुन्या थ्री-नॉट-थ्रीची नळी बदलून केलेले ते रूपांतर आहे, हा समज आजही टिकून आहे आणि त्यामुळे २ए१ चे भाव बरीच वर्षे रखडले. त्याच युद्धानंतर आपल्याकडे वरणगावचा काडतूस कारखाना उभा राहिला. एकाच धक्क्यातून निघालेल्या या दोन गोष्टी आहेत. २ए१ घेताना पाहायचे ते एवढेच, की तिची नळी आणि लाकूड कापून कोणी तिची आखूड ‘जंगल कार्बाईन’ बनवलेली नाही ना. १९९० च्या दशकात इथे असे उद्योग विक्रीसाठी पुष्कळ झाले. कापलेली रायफल जमवणाऱ्याच्या दृष्टीने जवळपास सुट्या भागांच्या किमतीची उरते.

माझ्या रायफलीवर नळीच्या खालच्या अंगाला आयात करणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत कोरलेले होते. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने जुन्या लष्करी शस्त्रांची आयात थांबली आणि १९८० च्या दशकात क्युरिओंसाठी ती पुन्हा खुली झाली. तेव्हापासून येणाऱ्या शस्त्रांवर आयातदाराचे नाव असते. हे नाव नसलेली रायफल थोडी महाग विकली जाते. नाव ठळकपणे डाव्या बाजूच्या मध्यावर खोदलेले असेल तर मी कुरकुर करतो, नळीखाली लपलेले असेल तर करत नाही. बाकी तिच्या सगळ्या धातूवर भारतीय आयुधागारांचा तो ओळखीचा काळा, जाड रंग होता. अमेरिकन गिऱ्हाईक तो खरवडून खालचे पोलाद चमकवतो आणि आपण रायफलीची किंमत वाढवली अशा समजात राहतो. तो रंग पावसाळ्याशी लढण्यासाठी लावलेला असतो आणि कोपऱ्यांवर जिथे हात घासून उडाला आहे तिथे उडालेलाच बरा दिसतो.

आता प्रत्यक्ष भाव. टेबलावरच्या चिठ्ठीवर सहाशे डॉलर होते. मागितलेल्या किमतींकडे मी बघत नाही, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती एका वहीत टिपून ठेवतो, आणि त्या वहीप्रमाणे धड लाकडाची, चांगल्या नळीची, मूळ रूपातली ईशापूरची मार्क तीन स्टार पाचशेच्या आसपास जाते. तिथून वजाबाकी सुरू होते. पुढच्या लाकडाचा तडा आतून डिंक आणि पितळी खिळ्यांनी सांधता येईल, पण सांधलेले लाकूड हे सांधलेलेच. साठ डॉलर वजा. हेडस्पेस मोजून घेण्याचा खर्च माझा. आयातदाराचे नाव, काळा रंग, आडवा स्क्रू, खोडलेला क्रमांक, यांचे शून्य. १९९० च्या दशकात याच रायफली दुकानांतल्या पिंपांत उभ्या करून शंभर डॉलरच्या आत विकल्या जात, हे ऐकवणारा एक तरी माणूस प्रत्येक प्रदर्शनात भेटतो. त्याची माहिती खरी असते आणि उपयोग काही नसतो.

विक्रेत्याच्या बाजूला एक वस्तू होती, ती म्हणजे गोष्ट. ही रायफल ब्रह्मदेशात लढली आहे, असे त्यांना आधीच्या मालकाने सांगितले होते. कागद नव्हता. माझ्या मनात लगेच मराठा लाइट इन्फंट्री आली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण १९४२ हे साल काही दारे बंद करते आणि काही उघडी ठेवते, एवढेच. एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर मराठे लढले ते १९४१ मध्ये, तेव्हा ही रायफल जन्मलीही नव्हती. १९४४ च्या मार्चमध्ये इंफाळजवळच्या संगशाकला मराठ्यांची चौथी पलटण होती, आणि त्याच वर्षीच्या १० जुलैला इटलीत नाईक यशवंत घाडगे पडले, ज्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथे अशा रायफली असणे शक्य होते. ही होती, असे म्हणायला काहीही आधार नाही. ती सगळे युद्ध एखाद्या डेपोच्या मांडणीवर ग्रीसमध्ये पडूनही राहिली असेल, आणि नळीची अवस्था पाहता मला तेच अधिक संभवनीय वाटते. गोष्टीचे मी काहीही मोजले नाही.

गोष्टीने काम झाले नाही तेव्हा त्यांनी काडतुसांचे एक कापडी बंडल पुढे केले. माझे सासरे पुण्याहून आले होते आणि कंटाळा न करता सोबत हिंडत होते. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. १८६९ सालचा तो कारखाना. त्यांनी काडतुसाच्या बुडावरची ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरे चष्मा न लावता अंगठ्याने चाचपूनच ओळखली. एका काडतुसाची गोळी आधीच कोणीतरी उपसून ठेवली होती आणि आत कॉर्डाइट या जुन्या दारूच्या पिवळट कांड्या दिसत होत्या, अगदी वाळलेल्या शेवयांसारख्या. ‘जावईबापू, हे फोडायचं नाही,’ ते म्हणाले, ‘इतकी वर्षं कुठल्या उन्हात पडलं असेल कोणास ठाऊक. घोडा दाबल्यावर गोळी क्षणभर थांबून सुटली, आणि तेवढ्यात तुम्ही बोल्ट उघडलात, तर?’ इथल्या शौकिनांमध्ये खडकीच्या जुन्या मालाबद्दल हीच तक्रार असते, पण साठ-सत्तर वर्षांचे, उष्ण गोदामांतून फिरलेले कुठलेही काडतूस याच सावधगिरीने हाताळावे लागते. नवे सर्बियन काडतूस डॉलरहून अधिक पडते, क्षारमुक्त असते, आणि रायफलीची किंमत करताना वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च त्यात धरावाच लागतो. खडकीच्या बंडलाचे मूल्य फडताळात ठेवण्यापुरते.

मी चारशे चाळीस म्हणालो, अट एवढीच की शेजारच्या हॉलमधल्या मिस्त्रीकडून त्यांच्यासमोर गेज लावून घेऊ आणि ७४ वर बोल्ट मिटला तर व्यवहार रद्द. त्यांनी तड्याकडे पुन्हा एकदा पाहिले, साडेचारशे सांगितले आणि बंडल फुकट दिले. गेज ७० वर बोल्ट किंचित अडखळून मिटला, ७४ वर अजिबात मिटला नाही. सासऱ्यांनी बंडलातले उपसलेले काडतूस तेवढे मागून घेतले, विक्रेत्याने माझ्या परवान्याची प्रत ठेवून घेतली, आणि मी वहीत कारखान्याच्या रकान्यात ईशापूर लिहिले.